पुठ्ठ्याच्या माणसाचा गुडघा

एका शुक्रवारी सकाळी बत्तीस जवानांनी पुठ्ठ्याच्या एका माणसावर प्रत्येकी पाच गोळ्या झाडल्या आणि एकशे साठच्या एकशे साठ गोळ्या मागच्या मातीच्या बांधात गेल्या. माणसाला ओरखडासुद्धा नाही.

असं काही घडलेलं नाही. त्या दिवशीच्या रजिस्टरात 'सराव समाधानकारक' अशी नोंद आहे, नोंदीखाली सही आहे, सहीवर शिक्का आहे. शिक्क्यापुढे आपण कोण? तेव्हा ते घडलं नाही असं धरू आणि अंगद साळवेकडे वळू. त्याच्या आयुष्यात अकरा वर्षं खरोखरच काही घडलं नव्हतं.

अंगद भिंगारचा. लष्कराकडे सिव्हिलियन पेंटर होता. फायरिंगच्या सरावासाठी शत्रू रंगवायचे, हे त्याचं काम. सोमवार ते गुरुवार तो शत्रू रंगवायचा, शुक्रवारी जवान त्यांची चाळण करायचे आणि शनिवारी सकाळी ती चाळण पेटवून दिली जायची. पत्र्याचा एक साचा होता. तो पुठ्ठ्यावर ठेवून ब्रश फिरवला की रायफल घेऊन धावत येणारा माणूस तयार. असली आठ-नऊ हजार माणसं त्याच्या हातून निघाली आणि त्यातलं एकही शिल्लक नव्हतं. मुलीने शाळेत 'माझे पप्पा चित्रकार आहेत' असं सांगितलं. बाईंनी एखादं चित्र घेऊन यायला सांगितलं. घरभर शोधल्यावर दाखवण्याजोगी एकच वस्तू सापडली, ती म्हणजे रंगाने माखलेली पँट. बायकोने, यशोधराने, ती इस्त्री करून दिली.

आपल्या हातचं एक तरी माणूस शनिवारनंतर टिकावं आणि ते मुलीने बघावं, एवढंच त्या दिवसापासून अंगदला हवं होतं.

दिवाळीनंतर नवे साहेब आले. त्यांचं म्हणणं असं की हे शत्रू कपाटासारखे दिसतात, जवानांना त्यांच्याबद्दल काही वाटतच नाही. लगेच पत्र निघालं: आकृत्यांमध्ये आवश्यक तेवढा भाव आणावा. पत्र अंगदपर्यंत आलं ते स्टोअरकीपर आबासाहेबांच्या हातून. आबासाहेब नेवाशाचे. त्यांच्या रिटायरमेंटला सात महिने उरले होते, उजवा गुडघा मात्र आधीच रिटायर झाला होता.

"आवश्यक तेवढा म्हणजे किती?" अंगदने विचारलं.

"लिटरमधी न्हाई दिलं," आबासाहेब पत्र उलटून बघत म्हणाले. "तू आपल्या भुवया काढ."

अंगदने भुवया काढल्या. शत्रू चुकीच्या एसटीत बसल्यासारखा दिसायला लागला. माल परत आला.

तेव्हा अंगदने रुपाली मॅडमचा क्लास लावला. बाजारात पिठाच्या गिरणीवर एक खोली होती. तिथे दर रविवारी पोरं ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करायची. त्या पोरांत हा एकटाच दाढीवाला. मॅडमची पद्धत साधी होती. एकाने पुढे येऊन काहीतरी करत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी तीस सेकंदांत त्याला कागदावर धरायचं. सावकाश काढाल तर माणूस निघून जाईल, असं त्या म्हणत. आधी कणा. मग वजन कुठल्या पायावर आहे ते. नाकडोळे राहिले तरी चालतील, नाकडोळ्यांत फारसं काही नसतं. खाली गिरणी सुरू असली की सगळ्यांच्या रेषा थरथरायच्या. मॅडम त्याला जिवंतपणा म्हणायच्या.

पहिल्या रविवारी एक मुलगी पाणी पीत उभी राहिली. अंगदच्या कागदावर तिच्या हातात रायफल आली. दुसरी वेणी घालत बसली. तिच्याही हातात रायफल. मॅडमनी सहा कागद शांतपणे चाळले.

"दादा, ती पाणी पीत होती."

"मला दिसत होतं, मॅडम. हाताला दिसलं नाही."

मॅडमनी गृहपाठ दिला. रोज पन्नास माणसं, प्रत्येकी तीस सेकंद, दिसेल तिथे.

शत्रूला राग हवा, म्हणून अंगद राग शोधत हिंडला. रेशनच्या रांगेत बसला, दवाखान्याच्या पायरीवर बसला, एसटी स्टँडवर बसला. स्टँडवर दोन रिक्षावाल्यांची एकदाची जुंपली. त्याने घाईने वही उघडली, पण बाविसाव्या सेकंदाला दोघांनाही कंटाळा आला आणि ते एकाच रिक्षात जाऊन बसले. वह्या भरत गेल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेणारी बाई. मिरजगावहून कांदा घेऊन आलेला आणि गोण्यांना टेकून उभ्याउभ्या झोपलेला टेम्पोवाला. तिसऱ्या आठवड्यात माणसांच्या हातातल्या रायफली गेल्या. कणे मात्र सगळे पुढे झुकलेले, कोणीतरी वरून ओलं कापड टाकल्यासारखे. दोन तालुक्यांत मिळून राग निघाला नाही. निघाला तो थकवाच.

अशात एका दुपारी आबासाहेब जेवायला उठले. त्यांना खुर्चीतून उठायला तीस सेकंदांहून जास्तच लागत. एक हात टेबलावर, सगळं वजन डाव्या पायावर, उजवा पाय दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बाजूला ठेवलेला. आणि अर्ध्यात एक थांबा, ज्यात उठावं की परत बसावं याचा विचार होई. अंगदने तो थांबा धरला.

मॅडमनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. "कोण आहेत हे?" एवढंच विचारलं. आमचे स्टोअरकीपर, असं अंगद म्हणाला. "त्यांना म्हणावं, बसून घ्या."

त्या गुरुवारी अंगदने साचा बाजूला ठेवला आणि पुरुषभर उंचीचा माणूस तीस सेकंदांत काढला. पुढचे चार तास खाकी रंगात गेले. नियमाप्रमाणे रायफल दिली, पण माणसाने ती जमिनीला टेकवून उठण्यासाठी आधाराला घेतली होती.

आबासाहेब त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. "लई वळखीचा वाटतूय. कुठल्या देशाचा म्हनायचा?"

"अजून ठरलेलं नाही."

"गुडघ्याला तेल लावीत जा म्हनावं."

मग तो शुक्रवार आला, ज्या दिवशी काही घडलं नाही. सगळ्या गोळ्या बांधात गेल्यावर रायफली तपासल्या. रायफली ठणठणीत होत्या. मग जवानांना विचारलं. एक म्हणाला, तो उठतोय, नीट उठू तरी द्या. दुसऱ्याने त्याला स्टूल नेऊन द्यायची परवानगी मागितली. साहेबांनी दुर्बिणीतून खूप वेळ पाहिलं आणि स्वतःच खाली बसले. बत्तीस जणांचे बत्तीस खुलासे लिहून घ्यायची ताकद कोणाच्यातच नव्हती, म्हणून रजिस्टरात 'समाधानकारक' पडलं.

शनिवारी अंगद माणसाला घरी न्यायला आला. येताना घडी घातलेली जुनी चादर आणली होती, गुंडाळायला. आबासाहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. छिद्र पडल्याशिवाय आकृती खर्ची टाकता येत नाही, आणि खर्ची टाकलेली आकृती जाळावी लागते. गोळी न लागलेली आकृती पुढच्या शुक्रवारी परत उभी करायची. पुढची तुकडी बाहेरून येणार होती, मशीनगनवाली, दुप्पट लांबून मारणारी.

"तिला एवढ्या लांबून गुडघा दिसंल असं वाटत न्हाई," आबासाहेब म्हणाले.

अंगद चादर मांडीवर घेऊन खाली बसला. वाद घालण्याइतका जोर त्याच्यात नव्हता. पोरीला काय सांगायचं, एवढंच त्याने विचारलं. आबासाहेब टेबलाला धरून, मध्ये थांबत, उठले आणि कपाटातून कोरा कागद घेऊन आले.

"अर्ज करू."

"मंजूर होईल?"

"न्हाई. चाळीस वर्षांत एक बी झाल्याला न्हाई. पेन दे."

अर्ज असा:

"विनंती की, आकृती क्र. ४१ (पुठ्ठा, खाकी, नग एक) ही दि. १४ रोजी कर्तव्यावर उभी राहिली असून तिची प्रकृती ठीक नाही. तरी छिद्रांची अट शिथिल करून तिला वैद्यकीय कारणास्तव सेवानिवृत्त करावे व तिचा ताबा रंगवणाऱ्याच्या कन्येकडे द्यावा. हे नियमात बसत नसल्यास, आकृती सध्या उठण्याच्या बेतात आहे हे लक्षात घेऊन, ती पुरती उठून सरळ उभी राहीपर्यंत तिच्यावरील फायरिंगला स्थगिती मिळावी, ही नम्र विनंती."