चुन्याचा ठिपका

चाकूर सोडलं की नांदेडच्या रस्त्याला सिद्धराम अप्पांचा पेट्रोल पंप. दिवेलागणीला दिवसाची पिशवी काखेत, कमरेला बत्तीस बोअरचं पिस्तूल, आणि अप्पा चालत घराकडं. सव्वीस वर्षं हाच शिरस्ता. गावातली माणसं त्यांच्याकडं बघून घड्याळ लावत नसतील, पण चुलीवर आधण नक्की ठेवत.

पासष्टी उलटली तशी कातरवेळेला त्यांना पिस्तुलाची माशी दिसंना झाली. माशी म्हणजे नळीच्या तोंडावरचा इवलासा उंचवटा. तो मागच्या खाचेत बसला की नेम बसला. काळ्या लोखंडावरची काळी माशी अंधारात विरघळून जाई. हे अप्पांनी एकट्या बायकोला, नीलाबाईंना, सांगितलं. बाईंनी पानाचा डबा ओढला, काडीच्या टोकावर चुना घेतला आणि माशीवर ठिपका दिला.

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. दुपारचा चहा झाला की अप्पा पिस्तूल रिकामं करून पुढ्यात धरायचे आणि बाई ठिपका देता देता गुणगुणायच्या,

*चुन्याचा ठिपका, शुक्राची ती चांदणी,*
*माझ्या कुंकवाची, तिच्या हवाली राखणी.*

मुलगा सोमेश दोनदा म्हणाला होता, "अप्पा, सत्तरी झाली. आता पिस्तूल माझ्या नावावर करा. कायद्यात बसतंय." दोन्ही वेळेला अप्पांचं एकच उत्तर, "मी हाय तवर न्हाई." त्यांना ठाऊक होतं, पिस्तूल गेलं की पिशवी जाणार, पिशवी गेली की पंपावरची खुर्ची. मग आपल्या वाट्याला ओसरीवरचं घोंगडं.

म्हणून परवा सोमेश आपण होऊन म्हणाला, "नांदेडला अंधारात दिसणाऱ्या माश्या मिळतात, साइट म्हणतात त्याला, चला बसवून आणू," तेव्हा अप्पांना वाटलं, पोराला सुबुद्धी झाली. निघायच्या सकाळी त्यांनी सवयीनं पिस्तूल बाईंपुढं धरलं.

"आज कशाला?" बाई मान खाली घालून म्हणाल्या. "नवं बसणारच की." हात कणकेत होते, म्हणून मान वर केली नसेल, असं अप्पांना वाटलं.

नांदेडच्या वजिराबादेतल्या बंदुकीच्या दुकानाचा मालक अमरनाथ मोठा बोलघेवडा. त्यानं पिस्तूल हातात घेतलं, मॅगझीन काढलं, चेंबर दोनदा तपासलं आणि माशीवर बोट फिरवून हसला.

"हे काय, अप्पा, चुना?"

"घरचं हाय."

"चांगलं हाय की. पण पाऊस आला की चुना गेला." त्यानं काचेवर पुढची माशी अन् मागची खाच असे तीन जोड मांडले. "हा पांढऱ्या रंगाचा. तुमच्या चुन्याचा भाऊ समजा. उजेड असला तर दिसतो. हा दुसरा, यात काचेचा धागा हाय, बाहेरचा उजेड गोळा करतो. संध्याकाळपतोर फक्कड, मिट्ट अंधारात मेला. अन् हा तिसरा. याच्या पोटात हिरवा दिवा हाय, सेल लागत न्हाई, काही न्हाई. बारा वर्षं जळतो."

"बारा?" अप्पा म्हणाले. "म्हणजे मला पोचवून, तेराव्याचं जेवून येईल."

सोमेशचा फोन वाजला. कागदांची फाईल काचेवर ठेवून तो बाहेर गेला. जाता जाता म्हणाला, "अप्पा, साइटच्या दोन कागदांवर सह्या लागतील. मी आलो की करू."

अमरनाथनं शटर निम्मं ओढलं, दिवे घालवले. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर करड्या ढेकळासारखं दिसू लागलं. अप्पांनी रिकामं पिस्तूल उचललं. पांढरा जोड बुडाला. धाग्याचा जोड क्षणभर लुकलुकला अन् गेला. मग अमरनाथनं हिरवा जोड वर बसवून धरला. ज्वारीच्या रानात रात्री काजवे बसावेत तसे तीन हिरवे ठिपके, एका ओळीत, शांत.

"दिसतंय," अप्पा हळूच म्हणाले. "अमरनाथ, मला दिसतंय की."

"दिसणारच. पण एक सांगतो, अप्पा. ही माशी चमकते, तुमचा नेम दावते. समोर कोण हाय ते दावत न्हाई. त्यासाठी हातात बॅटरी पाहिजे. आधी माणूस ओळखायचा, मग माशी."

अप्पांचा हात खाली आला.

त्यांना गेल्या भाद्रपदातली ती संध्याकाळ आठवली. पंपामागच्या लिंबाखालून कुणीतरी चालत येत होतं. हाक मारली, तर ओ आली नाही. अप्पांनी पिस्तूल काढलं. चुन्याचा ठिपका त्या सावलीच्या छातीवर नीट बसला होता, बोट घोड्यावर होतं. तेवढ्यात सावली म्हणाली, "अप्पा, चावी विसरलो." वीरण्णा. पंचवीस वर्षं पंपावरचा माणूस, कानानं जरा अधू. अंधारात त्याला काही कळलंही नाही. घरी येऊन अप्पा लहान लेकरागत रडले होते, आणि नीलाबाईंनी त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगितलं होतं, "ही गोष्ट माझ्या पोटातून बाहेर जाणार न्हाई."

दिवे लागले. "लायसन्स दाखवा, अप्पा, नोंद करतो," अमरनाथ म्हणाला.

अप्पांनी फाईल उघडली. लायसन्सच्या वर एक टाईप केलेला अर्ज होता. परवाना आणि पिस्तूल मुलाच्या नावे करण्याबाबत. खाली त्यांच्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली. त्याला जोडलेलं दुसरं पान हातानं लिहिलेलं, खाली तशीच फुली. ते अक्षर ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. नीलाबाईंना लिहायला लग्नानंतर त्यांनीच शिकवलं होतं, भाकरीच्या पिठात बोट धरून.

*माझ्या मालकांना दिवेलागणीला दिसत नाही. त्यांनी वीरण्णावर पिस्तूल रोखलं होतं. मुलाच्या नावावर करायला माझी हरकत नाही.*

पानाच्या कोपऱ्यावर बोटाचा पांढरा ठसा उमटला होता. चुन्याचा.

सोमेश चहाचे कप घेऊन आत आला. "झालं का? तेवढ्या साइटच्या कागदावर सह्या करा, अप्पा."

"साइट बसवायला सही लागत न्हाई," अमरनाथ नोंदवही उघडता उघडता म्हणाला.

सोमेशच्या हातातला चहा बशीत सांडला. अप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही फुल्यांवर सावकाश सही केली.

"ती हिरवी बसवा," ते म्हणाले. "अन् पोराला बॅटरी द्या एक."

परतीच्या वाटेवर लोहा गाव मागं पडलं. मग अप्पांनी विचारलं, "युक्ती कुणाची?"

"अव्वाची." आईचं नाव सोमेशनं रस्त्याकडं बघत घेतलं. "म्हणली, मागून देणार न्हाईत. हौसेला लावून ने. अप्पा, तुमच्या हातून वीरण्णाकाका गेला असता."

ते खरं होतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं. अप्पा खिडकीतून बघत राहिले. नीलाबाईंनी त्यांचे डोळे मागितले असते, तर त्यांनी काढून दिले असते. पण पोटात ठेवते म्हणालेली गोष्ट तिनं कागदावर ठेवली होती, आणि वर सकाळी दशम्या बांधून दिल्या होत्या. तीळ लावलेल्या. आवडतात म्हणून.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. अप्पांनी पिस्तूल सोमेशच्या हातात दिलं आणि ओसरीवर बसले. पलीकडं पंपावरचे दिवे लागले. पिशवी आणायला सोमेश निघाला, त्याच्या हातातल्या बॅटरीचा उजेड बांधावरून उड्या मारत गेला.

आत पानाचा डबा उघडल्याचा आवाज झाला. आज गुणगुणणं नव्हतं. नीलाबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी अप्पांचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. तरी त्या पुढं आल्या, वाकल्या, विडा पुढं केला.

"घ्या की."

अप्पांनी मान वर केली, पण हात पुढं केला नाही.

"तिथं ठेवा, बाई," ते परक्याशी बोलावं तसं म्हणाले. "दिवेलागणीला मला समोर कोण हाय ते कळत न्हाई."