दगडासारखी मांड

मी एक जुनं खोगीर आहे, मित्रांनो. माझं पुढचं कातडं झिजून गुळगुळीत झालंय, डाव्या बाजूला एक ठिगळ आहे आणि हवा दमट झाली की माझ्यातून अजूनही मेंढीच्या लोकरीचा वास येतो. तरी मला म्हातारं म्हणून कोपऱ्यात सारू नका. घोडा आणि स्वार यांच्या मधोमध बसून मला जे कळलं, ते घोड्याला सांगता येत नाही आणि स्वार कधी कबूल करत नाही.

लोव्रे नावाच्या जिनगरानं मला घडवलं. डोंगरातल्या कठीण लाकडाचा सांगाडा, त्यावर गाईचं कातडं, आत लोकर. लोव्रे दिवसभर आरी टोचत आणि मेणाचा दोरा ओढत बसे, आणि इतकं बेसूर गाई की शेजारचा लोहार मुद्दाम जास्त जोरानं घण मारी. मला न्यायला शिमे नावाचा स्वार आला तेव्हा लोव्रे म्हणाला, "खोगीर चोख आहे, शिमे. वर बसणारा कसा आहे, ते आता खोगिरालाच ठाऊक होईल."

ते खरंच झालं.

आमच्या गावात ऑगस्टमध्ये, देवमातेच्या सणाला कड्याची शर्यत असते. रस्त्यावर उंच आडवी दोरी बांधून तिला एक लोखंडी कडं टांगतात; त्याच्या आत आणखी एक बारीक वर्तुळ असतं, आणि त्यात भाला गेला तर गुण जास्त. स्वारानं घोडा भरधाव सोडायचा आणि भाल्याच्या टोकानं ते कडं उचलून न्यायचं. प्रत्येकाला तीन फेऱ्या. मात्र वाटेल त्याला धावता येत नाही. ज्या घरात चांदीच्या बटणांचा निळा डगला आहे, त्याच घरचा माणूस धावतो. आणि ज्या घराला सलग तीन उन्हाळे एकही कडं मिळालं नाही, त्याचा डगला चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत उतरवून दुसऱ्या घराला देतात. डगला गेलेल्या घरची माणसं सणाच्या दिवशी खिडक्या लावून बसतात. कुणी तसा नियम केलेला नाही, पण बसतात.

शिमेच्या घरचा डगला कधी हलला नव्हता. तो माझ्यावर बसून धावला आणि इतकी कडी घेऊन आला की त्याची बहीण येर्का त्यांना पडदे अडकवू लागली. खाणावळीबाहेरच्या बाकावर बसणारे म्हातारे त्याला 'दगड' म्हणत. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. स्वारानं दगडासारखं बसावं, चेहरा हलू नये, ओठ हलू नयेत, गुडघे घोड्याच्या बरगड्यांत रुतावेत, हीच आमची बहादुरी. "आवळ! मांड आवळ!" असं बाकावरून ओरडत राहणं हेच त्या म्हाताऱ्यांचं काम, आणि ते त्यांनी इमानानं केलं. शर्यतीनंतर शिमे मला स्वतः पुसायचा, ऑलिव्हचं तेल लावायचा, उन्हापासून जपायचा. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मग एका शरद ऋतूत शिमे अंजिराच्या झाडावरून पडला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. निळा डगला त्याचा मुलगा दुये याच्या अंगावर आला, आणि मी मुर्वा नावाच्या काळ्याभोर घोडीच्या पाठीवर गेलो.

दुये चांगला स्वार होता, हे मी शपथेवर सांगतो. घरामागच्या माळावर सराव करताना तो माझ्यात असा बसायचा, जसा माणूस जेवून उठल्यावर ओट्यावर टेकतो. मुर्वा कान सैल सोडून पळायची आणि कडं दर वेळी भाल्यावर यायचं. पण शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडेला माणसं उभी राहिली, शिंग वाजलं, आणि माझ्यावर कुणी परकाच माणूस येऊन बसला. मांड्यांनी त्यानं मला चिमट्यात धरलं. टाचा वर गेल्या, खांदे कानाला लागले. श्वास तर त्यानं सुरुवातीच्या रेषेवर जो आत घेतला, तो दोरी मागं पडेपर्यंत बाहेर सोडलाच नाही. बिचारी मुर्वा! पाठीवरचा माणूस इतका ताठरला म्हणजे पुढं लांडगा तरी असणार, असं तिला वाटलं. तिनं मान वर काढली, पाठ खाली दबवली, आणि भाल्याचं टोक वाऱ्यातल्या फांदीसारखं हलू लागलं.

तो उन्हाळा कोरा गेला. "दुये, कड्याला मधे भोक असतं बरं का!" बाकावरच्या बर्तुलनं टोमणा मारला. "तुझ्या बापाला ते न सांगता सापडायचं!"

कुणीतरी म्हणालं, खोगीर जुनं आहे, घसरतं, त्यात मांड बसत नाही. लागलीच शहरातून नवं खोगीर आलं आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यात गेलो. उंदरांनी माझी लोकर ओढली, कातड्यावर बुरशी चढली. एका तपकिरी कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. तिची मांड मात्र फार सैल आणि सुखाची होती, माझ्यावर बसलेल्या कितीतरी वीरांपेक्षा बरी. पण कोंबडीचं कौतुक करून मन रमत नाही. शर्यतीच्या दिवशी शिंग ऐकू आलं आणि मला रडू यावं असं वाटलं. खोगिराला रडता येत नाही. तो उन्हाळाही कोरा गेला, हे मला येर्काच्या आदळआपटीवरून कळलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात नव्या खोगिरानं मुर्वाची पाठ सोलून काढली. मांड आवळायची म्हणून पोटाखालचा तंग आवळला, तंग आवळला म्हणून पाठ गेली. येर्का खुराड्यात आली, कोंबडीला हाकललं आणि मला अंगणात नेऊन साबणानं घासलं. "ये रे बाबा," ती मला म्हणाली, "ह्या घरात शुद्धीवर तू एकटाच उरलायस." लोकर भरून, ठिगळ लावून, तेल पाजून तिनं मला पुन्हा माणसात आणलं.

आणि तरीही शर्यतीच्या दिवशी पहिली फेरी हुकली. दुसऱ्या फेरीत भाला कड्याऐवजी दोरीला लागला आणि बाक खदखदून हसला. आता एकच फेरी उरली होती.

शाळेच्या भिंतीच्या सावलीत येर्कानं मुर्वाला थांबवलं. दुये माझ्यावर तसाच बसून होता, उतरायलाही त्याला सुचेना. शिमे दोन काठ्या टेकत टेकत तिथं आला.

"बाबा, डगला आत्ताच काढून देतो," दुये म्हणाला. "पायऱ्यांवर सगळ्यांसमोर नको."

"डगल्याचं नंतर बघू, आधी श्वास घे," येर्का म्हणाली. "असा निळा पडलायस की डगला कुठं संपतो आणि तू कुठं सुरू होतोस तेच कळेना."

"आत्या, तुला थट्टा सुचतेय? मला भीती वाटते. तुम्हाला नाही कळायचं बाबा, तुमच्या पोटात कधी गोळा आलाच नाही."

शिमेनं काठीनं भिंतीचा कोपरा दाखवला. "तिथं," तो म्हणाला. "घोड्यावर बसायच्या आधी दर वर्षी मी तिथं ओकायचो."

"काहीतरीच!"

"येर्काला विचार."

"विचारायचं काय त्यात? वरून माती मीच टाकायचे," येर्का म्हणाली. "एका वर्षी तर नवे बूट घालून आले होते. तेव्हापासून ह्या दादानं मला दुसरे घेऊन दिलेले नाहीत."

दुयेला हसू फुटलं. रडण्याच्या बेतात असलेल्या माणसाला फुटतं तसं, नाकातून. आणि मित्रांनो, माझ्या दोन्ही बाजूंचा चिमटा इतका ढिला झाला की मुर्वानंही एक लांब फुरफुर केली.

शिमे पुढं आला आणि त्यानं मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आवळू नकोस असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की आणखी आवळतं. तू फक्त बोलत राहा. घोडीशी. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो माणसाला."

"काय बोलू?"

"काहीही. मी घरी काय शिजतंय ते सांगायचो."

शिंग वाजलं. मुर्वा निघाली. पहिल्या काही उड्यांत दुयेच्या मांड्या पुन्हा आवळून आल्या, आणि मला वाटलं, संपलं. तेवढ्यात वरून आवाज आला. "मुर्वा, आत्यानं सकाळी अंजिरं तोडलीत. कोकरू राखेत भाजतंय, बटाटे आहेत, तुला बटाटे आवडत नाहीत, पण अंजिरं तुझी, सगळी तुझी..." एकेका शब्दाबरोबर श्वास बाहेर पडत होता, आणि त्याबरोबर तो माणूस खाली, खाली, माझ्या अगदी मधोमध येऊन बसला. टाचा उतरल्या. मुर्वानं मान लांबवली, तिची पाठ माझ्याखाली वर आली, आणि आम्ही तिघं एकाच ठेक्यात धावू लागलो. टापांच्या गोंगाटात लोखंडाचा एक लहानसा आवाज झाला.

मधल्या बारीक वर्तुळात नाही, बाहेरच्या कड्यात लागला होता भाला. सगळ्यांत कमी गुणाचा. पण डगला राहिला! येर्का रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती.

परतताना आम्ही बाकासमोरून गेलो. "मिळालं खरं," बर्तुल मोठ्यानं म्हणाला, "पण ही काय रीत झाली? सबंध रस्ताभर बायकी तोंड चालू! शिमे कसा बसायचा? दगड! ओठ म्हणून हलायचा नाही!"

दुयेचे खांदे पुन्हा कानाकडे चढू लागलेले मला कळले. शिमे बाकाच्या टोकाला काठ्या टेकून उभा होता. त्याला गप्प राहता आलं असतं. घोड्यावर बसणं सुटलं, कंबर गेली, आता त्या 'दगड' नावाशिवाय त्याच्याजवळ होतं तरी काय?

"बर्तुल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दगडबिगड काही नव्हतो मी. तोंड माझंही चालायचं, मिशीआड, टापांमुळं तुम्हा बहिऱ्यांना ऐकू आलं नाही. आणि त्याआधी शाळेच्या भिंतीमागं उभा राहून ओकायचो."

कुणी हसलं, मग हसायचं थांबलं. बर्तुल तरुणपणी तीन उन्हाळे धावला होता आणि तिन्ही कोरे गेले होते. त्याच्या घरचा डगला आज दुसऱ्याच कुणाच्या अंगावर होता. त्यानं हातातला वाइनचा पेला खाली ठेवला.

"दर वर्षी?" त्यानं हळूच विचारलं.

"दर वर्षी."

बर्तुलनं दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले. "मला वाटायचं," तो म्हणाला, "मीच एकटा."

मित्रांनो, खोगिराला तेल लावा, उन्हात टाकू नका, तंग उगाच आवळू नका. आणि तुमच्या घरचं कुणी रेषेवर उभं राहून ताठरलं असेल, तर लांबून ओरडू नका. त्याच्या जवळ जा, गुडघ्यावर हात ठेवा, आणि तुम्ही कुठल्या भिंतीमागं गेला होता, ते त्याला वेळेवर सांगा.