मोडांच्या शेपट्या

मलेशियातल्या इपोह शहरात, घराच्या ओसरीवर त्या सकाळी पाच स्टुलं होती, पाच बायका, तीन टोपल्या आणि दहा किलो मुगाचे बोटभर लांब मोड. कोपऱ्यावरच्या कोंबडी-भाताच्या दुकानासाठी त्या रोज मोडांच्या शेपट्या, म्हणजे टोकाची बारीक मुळं, खुडायच्या. त्यांच्यातल्या एकीच्या मुलाने, काह-वाईने, घड्याळ लावून मोजलं. शंभर मिनिटं. म्हणजे एका बाईला किलोमागे पन्नास मिनिटं.

“हा मोड मोजतोय की आपल्याला?” शेजारच्या आ-फूंग मावशीने त्याच्या आईला डिवचलं.

“दोन्ही! लग्नाच्या मुली मोजल्या असत्या तर एव्हाना सून आली असती,” आई म्हणाली, आणि पाचही जणी खिदळल्या.

काह-वाईला जोहोर राज्यात, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. पगार दीडपट. पण इपोहला घर स्वतःचं होतं, तिकडे भाडं भरावं लागणार होतं आणि जेवणही महाग. तो गेला तर आईही जाणार, हे ठरलेलंच. जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. आई म्हणाली, “पगार-भाड्यातलं मला काय कळतं? तुझा कागद म्हणेल तसं करू.”

त्याने तक्ता मांडला. पगार, भाडं, बाजार, दवाखाना, प्रवास. शेवटच्या ओळीत ‘आईची सोबत’, म्हणजे ओसरीवरच्या बाकीच्या चौघी. त्या ओळीला त्याने तीस टक्के वजन दिलं. बेरीज आली: इपोह बहात्तर, जोहोर अडुसष्ट.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग तिसाचे दहा केले. इपोह चौसष्ट, जोहोर पंच्याऐंशी. हाच कागद त्याने आईला दाखवला. तिने चष्मा लावून खालचे दोन आकडे तेवढे वाचले. “एवढा फरक? मग जायलाच हवं,” म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून भांडी बांधायला लागली.

जोहोरला घर अकराव्या मजल्यावर होतं. लोखंडी जाळीचं दार, समोर तसंच दुसरं दार, तेही बंद. पगार वेळेवर येत होता, दवाखाना जवळ होता. तक्त्यातली प्रत्येक ओळ खरी ठरली होती. आई कशाचीच तक्रार करत नव्हती. फक्त दर शनिवारी म्हणायची, “येताना किलोभर मोड आण.” दोन माणसांना किलो फार व्हायचे. उरलेले ती खालच्या पहारेकऱ्याला देऊन टाकायची.

एका रविवारी तो घरीच होता. आईने आठ वाजता टोपली पुढ्यात घेतली. साडेअकरा झाले तरी ती खुडतच होती. एक मोड उचलायचा, फिरवून बघायचा, शेपटी खुडायची, मग हात मांडीवर ठेवून जाळीकडे बघायचं. काह-वाई तिच्याजवळ आला.

“आई, त्या कागदात मी एक आकडा बदलला होता.”

“कुठला?”

“तुझ्या मैत्रिणींचा. तीस होता, दहा केला. नाहीतर इपोहच जिंकत होतं.”

आईने हातातला मोड खुडला. “तीसच? आ-फूंगने ऐकलं असतं तर टोपली डोक्यात घातली असती तुझ्या.”

“परत जाऊया का?”

“तिकडचं घर दोन वर्षांच्या कराराने भाड्याला दिलंस ना? त्या लोकांना काय रस्त्यावर काढणार?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो खाली तिच्या शेजारी बसला आणि टोपलीत हात घातला. आईने टोपली हळूच आपल्याकडे ओढली.

“राहू दे रे. दोघांनी केलं की लवकर संपतं.”

तो तिथेच बसून राहिला. शेवटची शेपटी तिने बारा वाजून दहा मिनिटांनी खुडली. एक किलो, चार तास दहा मिनिटं.