तीन बसभर अपवाद

“तुम्ही सांगताय ते अपवाद आहेत, बाई,” मंत्रालयाचे सचिव चष्मा पुसत म्हणाले. “चार-दोन माणसांसाठी देशाचा कायदा बदलत नसतो.”

मार्येता उभीच होती. राजधानी ल्युब्लियानातल्या त्या सभागृहात तिला दहा मिनिटं मिळाली होती. त्यातली आठ संपली होती.

कापडगिरणी बंद पडेपर्यंत ती तिथे कारकून होती. त्यानंतर सोळा वर्षं, दर बुधवारी, द्रावा नदीकाठच्या आपल्या गावात पोस्ट ऑफिसच्या वरच्या खोलीत ती बसत आली होती. रोज सीमा ओलांडून ऑस्ट्रियात कामाला जाणाऱ्यांचे कागद ती वाचून द्यायची. सीमेपलीकडच्या गावात हेच काम हानेलोरे करी. दोन्ही देशांच्या कामगार संघटनांनी मिळून ही सल्ला केंद्रं काढली होती.

स्लावको तिच्याकडे आला तो काठी टेकत. ऑस्ट्रियातल्या लाकूडगिरणीत वीस वर्षं राबला, आणि एक दिवस ओंडका पाठीवर आला. तिकडचा डॉक्टर म्हणाला, हा आता कुठलंच काम करू शकत नाही. इकडचा म्हणाला, बसून करू शकतो. पेन्शन अडकली.

“बाई, माझी पाठ एकच आहे हो,” स्लावको म्हणाला होता. “नदीच्या त्या काठाला मोडते आणि या काठाला जुळते, असं कसं?”

मार्येता आणि हानेलोरेने अशी प्रकरणं गोळा करायला घेतली. इटलीच्या आणि हंगेरीच्या सीमेवरची केंद्रंही येऊन मिळाली.

“अपवाद खाली आहेत, साहेब,” मार्येता आता म्हणाली. “तीन बस भरून. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून वर आणले नाहीत.”

सचिव उठून खिडकीशी गेले. खाली खरंच तीन बस उभ्या होत्या. मग कोट न घालताच जिना उतरले.

पहिल्या बसमध्ये स्लावको दाराजवळच होता. “उठत नाही, राग मानू नका,” तो म्हणाला. “तुमच्या डॉक्टरांच्या मते मला उठता येतं.”

अख्खी बस हसली. सचिव हसले नाहीत. ते त्याच्या शेजारी बसले.

“किती वेळा तपासलं तुम्हाला?”

“नऊ. दहावी तपासणी मंगळवारी आहे.”

तिन्ही बस फिरून सचिव वर आले तेव्हा दीड तास उलटला होता.

पुढच्या वसंतात कायदा बदलला. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकत्र बसून एकदाच तपासायचं, आणि निकाल लागेपर्यंत माणसाला उपाशी ठेवायचं नाही. व्हिएन्नाच्या सरकारनेही तेच मान्य केलं. त्यातलं एक कलम तर दोघींनी पोस्टावरच्या खोलीत जसं लिहिलं होतं, तसंच छापलं गेलं.

“आपण जिंकलो गं!” हानेलोरे फोनवर रडत-हसत ओरडली. मग तिचा आवाज उतरला. “तुझा टोने हवा होता आज.”

मार्येताचा नवराही असाच दोन निकालांच्या मध्ये लटकलेला असतानाच वारला होता. दोघींनी त्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता.

“त्याची तपासणी देवाने एकट्याने उरकली,” मार्येता म्हणाली. “पण स्लावकोचा कागद आलाय. केंद्राच्या जिन्याच्या पायथ्याशी गातोय तो. ऐक!” आणि तिने फोन दाराबाहेर धरला.

पुढल्या बुधवारी दुपारपर्यंत तिच्याकडे एकच बाई आली, तीही पत्ता बदलायचा म्हणून. बारा वाजता मार्येताने खोलीला कुलूप घातलं, घरी जाऊन सूप गरम केलं, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा बुधवारचं जेवण टेबलाशी बसून, सावकाश जेवली.