चौथ्या पेटीची वीज

जयवंतने शेवटच्या खांबावरची पेटी उघडली आणि आतला हिरवा दिवा त्याच्या डोळ्यांदेखत दोनदा मिणमिणून विझला. खाली व्हॉल्व्ह खट्‌कन बंद झाला. सोनचाफ्याच्या बुंध्याशी ठिबकणारं पाणी थांबलं.

"गेली ना परत?" शिडी धरून उभा असलेला सिप्रियन म्हणाला. गास गावातल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्याच्याच हातचं.

"पंपाकडून इथवर येईस्तोवर विजेत दमच राहत नाही."

वाडीत अशा चार पेट्या होत्या. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी एकच केबल फिरवलेली. तिच्यातूनच वीज जायची आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा तो निरोपही. पहिल्या तिघी खाऊनपिऊन सुखी, चौथीच्या वाट्याला उरलंसुरलं. आणि नेमकी चौथीवरच आईने लावलेली चाफ्याची झाडं. त्यातली दोन वाळली होती, तिसऱ्याची पानं पिवळी पडत होती.

उपाय जयवंतला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. गोरेगावच्या कंपनीत त्याने जन्मभर हेच तर केलं होतं. लांबच्या पेटीला जवळूनच वेगळी वीज द्यायची, निरोपाची तार तेवढी तशीच जोडलेली ठेवायची. जवळ म्हणजे कुंपणापलीकडे, थोरल्या भावाच्या, एकनाथदादाच्या घरातून.

तिथेच तर घोडं अडलं होतं! वाटणीच्या दिवशी, बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून, "तुझ्या दारचं पाणीसुद्धा पिणार नाही," असं जयवंत चारचौघांत बोलून बसला होता. मग त्याने जाड केबल टाकून पाहिली. बॅटरी बसवली, ती चोरीला गेली. पण दादाकडे गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळेना. संक्रांतीच्या सुमारास दादा अचानक गेला, तेव्हा जयवंतने खांदा दिला आणि स्मशानातूनच परस्पर घरी आला. त्याचं आता त्याला फार वाईट वाटायचं. पण ते सांगायचं कुणाला?

"जयवंता, आता तरी जा रे बाबा," सिप्रियन म्हणाला.

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?"

जयवंत गेला. प्रमोदिनीवहिनी ओट्यावर फुलं निवडत बसल्या होत्या. त्याला पाहून त्यांचे हात थांबले.

"वहिनी, आईचा चाफा वाळतोय. तुमच्याकडून थोडी वीज मिळाली तर…"

वहिनी उठल्या आणि त्याला घरामागे घेऊन गेल्या. मागच्या भिंतीवर एक बोर्ड होता. पावसात भिजू नये म्हणून वर तेलाचा डबा कापून बसवलेला. त्यातून निघालेली वायर थेट कुंपणापर्यंत आणून, टोकाला टेप गुंडाळून, वेटोळं करून ठेवली होती. वेटोळ्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"हे कधी केलं?"

"गेल्या वर्षी, गणपतीनंतर. तुम्हाला इथून वीज हवीय हे सिप्रियन बोलून गेला होता ना? यांनी त्याच्याकडूनच करून घेतलं, आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणून त्याला शपथ घातली. मी म्हटलं, मी जाते बोलवायला. तर म्हणाले, धाकटा आहे, एकदा मागायला तर येऊ दे."

जयवंतने कुंपणापलीकडे पाहिलं. सिप्रियनने मान खाली घातली होती.

त्याने बोर्डाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बटण चालूच होतं.

"बंद करूच द्यायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "रोज संध्याकाळी येऊन बघायचे. म्हणायचे, नेमका आला आणि वीज नसली, तर तेवढंच निमित्त करून परत जाईल."

जोडणीला फार वेळ लागला नाही. चौथ्या पेटीतला दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. व्हॉल्व्ह उघडला. चाफ्याच्या बुंध्याशी माती हळूहळू काळी होऊ लागली.

जयवंत कुंपण ओलांडून परत आला आणि दादाच्या ओट्याच्या पायरीवर बसला. पेचकस अजून हातातच होता.

"चहा टाकते, भाऊजी."

"चहा नंतर," तो म्हणाला. "आधी पाणी द्या, वहिनी."