कितवी रकात

टोर्स्टेन तिसऱ्या शनिवारी आला तेव्हा सेनादनं आधी त्याच्या शर्टाचा खिसा बघितला. फोन नव्हता. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी असणार.

स्वीडनमधल्या बोरोस शहरातल्या बोस्नियन मशिदीत सेनाद दर शनिवारी दुपारी नवख्यांना इस्लामची ओळख शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी एक जण असाच आला, चोरून व्हिडिओ काढला आणि उलटसुलट जोडून नेटवर टाकला. जागामालकानं वर्षभर वर्ग बंद ठेवला. आता पुन्हा सुरू झाला होता, पण एकाच अटीवर. परत भानगड झाली की कायमचा बंद.

आणि त्यात हा टोर्स्टेन, सत्तरीचा स्वीडिश म्हातारा. अल्लाह एकच, त्याला ना बाप ना लेक, हे शिकवलं तेव्हा याचं पेन टेबलावरच. पैगंबर, ग्रंथ, कयामत, पेन टेबलावरच. रोजा, जकात, हज म्हटलं की जांभई. नमाज म्हटल्यावर मात्र वही उघडली.

"उभं राहायचं, वाकायचं, मग दोनदा कपाळ टेकायचं. ही झाली एक रकात," सेनाद म्हणाला. "दुपारच्या नमाजात अशा चार."

"मागून बघणाऱ्याला कसं कळतं कितवी चालू आहे?" टोर्स्टेननं विचारलं.

"मागून कशाला बघायचंय?"

"समजा बघितलं. आणि कोणी खोलीत शिरलं, तर पढणारा वळून बघतो का?"

वर्ग सुटल्यावर मशिदीचे अध्यक्ष फिक्रेतकाका हे ऐकून कॉफीत बुडवलेला साखरेचा खडा चघळायचं विसरले. "वळून बघतात का म्हणे! अरे, चोरानं विचारावं तसं झालं हे, कुत्रं बांधलंय का म्हणून. पुढच्या शनिवारी तू काढतोस त्याला, की मी काढू?"

"मी बोलतो, काका."

पुढच्या शनिवारी सेनादनं सरळच विचारलं. "कोणासाठी लिहिताय हे?"

"बायकोसाठी. झोहरा मोरोक्कोची आहे. चाळीस वर्षं झाली लग्नाला. कधी नमाज चुकवला नाही, पण आता विसरते. दोन झाल्या की तीन, कळत नाही तिला. मग रडते आणि पहिल्यापासून सुरू करते. मला फक्त मोजायचंय."

सेनादला वाटलं, खरं असेल. पण त्या व्हिडिओवाल्यानंही आजारी आई सांगितली होती.

"ती उभी कशी राहते ते दाखवा."

टोर्स्टेन उभा राहिला. दोन्ही हात मांड्यांशेजारी सोडलेले, बसथांब्यावर उभा असल्यासारखा.

सापडला, सेनादच्या मनात आलं. नमाजात हात बांधतात, हे तो चार वर्षांचा असताना शिकला होता.

"चाळीस वर्षांचा संसार, आणि बायको हात बांधते ते दिसलं नाही?"

"ती बांधत नाही."

"पुढच्या शनिवारी येऊ नका."

टोर्स्टेननं वही मिटली. "माझं चुकलं काय, ते तरी सांग."

सेनाद खुर्च्या उचलत राहिला.

मंगळवारी तो द्रिसच्या दुकानात पुदिना घ्यायला गेला. द्रिस मोरोक्कोचा. गल्ल्यामागे नमाज पढत होता. दोन्ही हात खाली सोडलेले.

सेनाद तिथंच खिळला. द्रिसनं उजवी-डावीकडे सलाम फिरवून नमाज संपवल्यावर त्यानं विचारलं, "हात नाही बांधलेस?"

"आमच्याकडे बरेच जण असंच पढतात. तीन वर्षं जुम्म्याला तुझ्याच रांगेत असतो की मी."

"नमाजात नजर खाली असते. शेजाऱ्याचे हात कोण बघतं?"

"मग आत्ता कसे दिसले?"

पुदिना तिथंच ठेवून सेनाद निघाला. टोर्स्टेनचा पत्ता वर्गाच्या यादीत होता. टोर्स्टेननं दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"कोणी पाठवलं? त्या अध्यक्षानं? बायको खरंच आहे का ते बघायला?"

"कोणी नाही. चूक माझी होती. हात सोडूनही पढतात, हे मला माहीत नव्हतं."

"आणि मी कसं मानू?"

फटीतून चटई दिसत होती. त्यावर एक बारकी बाई पाठमोरी उभी, हात सोडलेले, खांदे हलत होते.

"तू बेल वाजवलीस," टोर्स्टेन हळू आवाजात म्हणाला. "आता मलाही आठवत नाही. दोन झाल्यात की तीन."

"शंका आली की कमी आकडा धरायचा. दोन धरा. शेवटी दोनदा जास्तीचं कपाळ टेकायचं, की झालं. पहिल्यापासून नाही करावं लागत."

"हे वर्गात का नाही सांगितलंस?"

"तिथवर पोचलोच नव्हतो."

साखळी तशीच ठेवून टोर्स्टेन आत गेला.

"दोन झाल्यात, झोहरा," तो म्हणाला. "ही तिसरी."

बाईचे खांदे थांबले. ती वाकली.