अकरा वाजताची ओहोटी

स्थान. जॉर्जटाउन हे शहर भरतीच्या पाण्याच्या पातळीपासून चार-साडेचार फूट खाली आहे.

एवढं लिहून मी राजधानीच्या माहितीपुस्तिकेचा मजकूर मिस बोव्हेलकडे पाठवला. ती मंत्रिसाहेबांची प्रसिद्धी बघते. कागद परत आला तेव्हा ‘खाली’ खोडून तिथे ‘अंतरावर’ केलं होतं.

इतिहास. डच आले, त्यांनी चिखलात चर खणले आणि चरांच्या तोंडाशी कोकर बसवले. कोकर म्हणजे चाक फिरवलं की साखळीनं वर-खाली होणारं जाड लाकडी दार. ओहोटीला वर करायचं, शहराचं पाणी नदीत जातं. भरतीला खाली सोडायचं, नदी बाहेर राहते. डचांनंतर इंग्रज आले, मग आम्ही आलो. शहाणपणाची एवढी एकच गोष्ट तिघांनी टिकवली, आणि टॅमरिंड लेनच्या टोकाला ती ह्युबर्ट ग्रॅनमच्या हातात होती.

प्रशासन. कोकरला हिरवा रंग दिला होता. गुरुवारी अकरा वाजता साहेब दार उचलून त्याचं लोकार्पण करणार होते.

“अकराला भरती आहे, मिस,” माझ्यासोबत जागा बघायला आलेल्या मिस बोव्हेलला ग्रॅनम म्हणाला.

“मग पुढे ढकला.”

“समारंभ?”

“भरती.”

ग्रॅनमनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिकेत पाहिलं.

“मिस, अकराला हे दार उचललं तर डेमेरारा नदी गल्लीत शिरेल. चाळीस घरं आहेत. त्यातलं एक माझं.”

“अंकल ग्रॅनम, साहेबांचं साडेबाराचं विमान आहे. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या नोकरीसाठी लोक रांगेत उभे आहेत.”

“पोहता येतं का, तेवढं विचारून ठेवा त्यांना.”

ती गेल्यावर तो बराच वेळ चाकाला तेल घालत बसला. तेलाची गरज नव्हती.

हवामान. गुरुवारी ऊन. पहाटे पाचला ओहोटी होती, तेव्हा ग्रॅनमनं शहराचं पाणी नदीत सोडून दिलं, दार खाली टेकवलं आणि साखळीची कडी दारापासून सोडवून ठेवली.

“तू काही पाहिलं नाहीस,” तो मला म्हणाला.

“मी माहिती खात्यात आहे, अंकल. सवय आहे.”

सण-समारंभ. पोलिसांचा बँड वाजला. साखळीच्या टोकाला झेंड्याचं कापड बांधलं होतं, त्यानं दार झाकलं होतं. साहेबांनी चाक फिरवलं. कापड वर गेलं. दार होतं तिथेच होतं. जमलेल्या सगळ्यांनी दार उघडलेलं पाहिलं.

“फारच हलकं आहे हो,” साहेब म्हणाले.

“रंग नवा आहे, साहेब,” ग्रॅनम म्हणाला.

“पाणी कुठाय?”

“गेलं.”

“एवढ्यात?”

“तुमचा हात लागला ना.”

मागे अननसाचे पाइन टार्ट विकणारी बाई पाटीत तोंड घालून हसली. साहेब मात्र भाषणात म्हणाले की विरोधकांच्या काळात पाण्याला तासन्‌तास लागायचे.

रोजगार. सोमवारी आदेश आला. कोकर आता रोज अकरालाच उघडायचा, कारण ती वेळ नागरिकांना सोयीची आहे. त्यासाठी उद्घाटन अधिकारी असं नवं पद निघालं आणि साहेबांचा भाचा रॉन्डेल टाय लावून, खुर्ची आणि छत्रीसह हजर झाला. तो अकराला रिकामं चाक गरगरा फिरवायचा, वहीत ‘उघडले’ लिहायचा, चाक उलटं फिरवायचा, ‘बंद केले’ लिहायचा. खरी ओहोटी असेल तेव्हा ग्रॅनम यायचा, कडी अडकवायचा, पाणी सोडायचा, कडी काढायचा. गल्ली कोरडी होती. दोघांचं छान चाललं होतं.

पण ओहोटीला आदेश मिळाला नव्हता. ती रोज पाऊण तास पुढे सरकत होती, आणि त्या शुक्रवारी ती बरोबर अकराला आली. शहराचं पाणी तर सोडायलाच हवं होतं, म्हणून ग्रॅनमनं नाइलाजानं कडी अडकवलेलीच ठेवली. रॉन्डेलनं चाकाला हात घातला, ते जड लागलं, टाय खांद्यावर टाकून त्यानं जोर लावला. दार उठलं. खालून शहराचं सगळं काळं पाणी धबधबा नदीत पडायला लागलं.

रॉन्डेल मागे सरला. “अंकल, हे गळतंय.”

“वाहतंय, बाळा.”

“रोज तर वाहत नाही.”

“रोज नाही वाहत,” ग्रॅनमनं कबूल केलं.

रॉन्डेलनं मामाला फोन लावला.

कायदा व सुव्यवस्था. चौकशी एकाच दुपारी आटोपली. कोकरमधून विनापरवाना पाणी गेल्याचं सिद्ध झालं. साखळीशी छेडछाड केल्याबद्दल ग्रॅनमला घरी बसवलं. पुन्हा कोणी कडी काढू नये म्हणून ती दारावरच्या लोखंडी पट्टीला वेल्डिंग करून कायमची जोडली. चाकाची मूठ रॉन्डेलकडे दिली आणि वेळ तीच ठेवली, अकरा.

मी ग्रॅनमला विचारलं, “साहेबांकडे जाऊया का? समजावून सांगू.”

“काय सांगणार? चंद्र विरोधी पक्षात आहे म्हणून?”

त्यानं भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि पुढच्या शुक्रवारी थांबवलं. अकरा वाजता भरती, आणि वर्षातली सगळ्यांत मोठी. मग तो खांबांवर उभ्या असलेल्या घराच्या खालच्या मोकळ्या भागात गेला, फ्रिजची वायर काढली आणि मला म्हणाला, “खालची बाजू तू धर.”

आम्ही अर्धा जिना चढलो तेव्हा समोरच्या मिसेस बुधूनं खिडकीतून मान काढली.

“ग्रॅनम, फ्रिज वर कशाला नेतोयस?”

“वर वारा चांगला लागतो.”

तिनं कोकरकडे पाहिलं. मग तिनं आत वळून दोन्ही मुलांना हाक मारली आणि शेगडी उचलायला सांगितली. शेजारच्यांनी ते पाहिलं. त्यांच्या शेजारच्यांनी त्यांना पाहिलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत टॅमरिंड लेनमध्ये एकही गादी जमिनीवर नव्हती.